बिनदोऱ्याची टीप

ता. ३, मंगळवार

चि. पोरीस,

फोन करू नका, फोनवर तुम्ही ओरडता, काय असेल ते लिहून कळवा, असं तू दारात उभी राहून सांगितलंस. ठीक आहे. लिहितो. चाळीस वर्षं कापडावर खडूनं रेघा मारल्या, कागदावर चार ओळी लिहायला काही माझा हात लुळा पडलेला नाही.

परवा तू गेलीस. घरात सगळं उत्तम आहे. मी वेळेवर जेवतो. समोरच्या काकू दिवसातून तीनदा डोकावून जातात, मी जिवंत आहे की नाही हे बघायची त्यांना फार हौस. मशीन चालू आहे. गिऱ्हाइकं येतात, भांडतात, जातात.

तुझी चिंधी मजेत आहे. खाते, पिते, झोपते. मांजराला आणखी काय काम असतं? तू उगाच डोक्याला ताप करून घेतलास. तुझ्या खोलीला मी हातसुद्धा लावलेला नाही, तू सोडून गेलीस तशीच्या तशी आहे.

एक-दोन गोष्टी सहज विचारतो. ती घाबरली की पलंगाखालीच लपते ना, की कपाटातही जाते? आणि तिच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहिलेलं कार्ड फळीवर असायचं, ते तू बरोबर नेलंस का? तसं काही कारण नाही. घरातली कागदपत्रं जागच्या जागी असावीत एवढंच.

तुझ्या कोटाचं म्हणशील तर अंग जोडून झालंय. बाह्या लावायच्या, अस्तर घालायचं, काजं करायची. परवा पूर्ण करून पाठवतो. तिकडे थंडी फार असते म्हणे. तोवर तो निळा स्वेटर घालत जा, कोपरावर विरलाय तरी ऊब देतो.

नव्या लॅबमधली माणसं कशी आहेत? दिवसभर लोकांचं रक्त तपासताना स्वतःच्या पोटात दोन घास गेले की नाही, तेही तपासत जा.

तुझा बाप


ता. ५, गुरुवार

पोरी,

मंगळवारचं पत्र तुला आज मिळालं असेल. वाचून बरं वाटलं असेल. त्यातलं माझ्या जेवणाचं आणि काकूंचं सोडलं तर बाकी सगळं खोटं आहे.

चिंधीनं सोमवारपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही. मासे ठेवले, उकडलेलं चिकन ठेवलं, तू डब्यात ठेवून गेलीस ते कोरडं खाणं ठेवलं. ठेवलेलं तसंच उचलतोय. पाण्याच्या वाटीला बाहेरून खडूनं रेघ मारली, किती उतरतं ते कळावं म्हणून. मंगळवारी एक बोट उतरलं. काल पाणी रेघेला लागूनच होतं.

ती कपाटात आहे, अगदी खालच्या खणात, पाठीमागे. आणि ती एकटी नाही, तुझा कोट आहे तिच्याबरोबर. पुढच्या खोलीत खुंटीवर टांगला होता. सोमवारी मी चहा करायला आत गेलो, बाहेर येतो तर खुंटी रिकामी. एवढंसं मांजर, आपल्या सावलीला भिणारं, एवढा जड कोट ओढत ओढत घेऊन गेलं. नशीब, टाचण्या काढलेल्या होत्या. आता ती त्यावर मुटकुळं करून बसलीय, आणि मला बाह्या लावायच्या तर आधी तिला उठवावं लागेल.

प्रयत्न केला नाही असं नाही. काल हात आत घातला. ती फिस्कारली नाही की तिनं ओरबाडलं नाही. थरथरत भिंतीला आणखी चिकटली फक्त. ओरबाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हात काढून घेतला.

तू म्हणशील, तुम्हाला काय कळतं तिच्यातलं. बाई, मी नजरेनं माप सांगणारा माणूस आहे. रविवारी तिची कंबर चौदा होती. आज साडेतेरावर आलीय, तीही केसांचा फुगवटा धरून.

आज सकाळी काकूंनी मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कार्ड नव्हतंच, पण काकूंना कुणाचा पत्ता माहीत नाही असं कधी झालंय? डॉक्टरीणबाई वयानं तुझ्याएवढी, पण बोलायला सडेतोड. म्हणाली, "घरात काय काय बदललं?"

मी म्हटलं, "काही नाही. मुलगी गेली नोकरीला."

"आणखी?"

"आणखी काय असणार?"

"मास्तर, मला मांजराला विचारता येत नाही. तुम्हालाच विचारणार."

मग तिला सांगितलं. ते ऐकून तिनं पेन खाली ठेवलं. तिला जे सांगितलं ते तुला अजून सांगायचंय. आज नाही, परवा सांगतो.

ती म्हणाली, माणसाला उपास चालतात, मांजराला चालत नाहीत, त्याचं लिव्हर बसतं. "परवापर्यंत स्वतःहून खाल्लं तर ठीक. नाहीतर शनिवारी एकच्या आत टोपलीत घालून घेऊन या, नळीनं भरवावं लागेल. पण इतकं भित्रं मांजर, त्यात पिंजरा, शेजारच्या पिंजऱ्यात कुत्री. मी खात्री देत नाही." परवा! चाळीस वर्षं मी लोकांना जो शब्द फुकट वाटला, तो तिनं मला मोजून मापून दिला.

आता घरी तिचे हुकूम चालतात. लपली आहे तिथून ओढायचं नाही. खाणं थोडं कोमट करायचं, म्हणजे वास सुटतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच वाटीत. समोर बसायचं पण रोखून बघायचं नाही, डोळे हळूहळू मिटायचे, हळूहळू उघडायचे, म्हणजे तिला कळतं की हा आपल्याला खाणार नाही. मी दुपारभर कपाटासमोर जमिनीवर बसून डोळे मिचकावत होतो. काकू आल्या, दारातूनच माझ्याकडे टक लावून बघितलं आणि परत गेल्या.

आणि घरातली गडबड बंद करा म्हणाली. ती केली. बेलची वायर काढून टाकली. चपला बाहेरच सोडतो. मशीनवर गोधडी टाकून ठेवलीय, शिवणकाम बंद. गिऱ्हाइकांना दारातूनच हातानं परत पाठवतो. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि माझ्या घरात टाचण्या भरपूर पडतात.

काकू म्हणतात, पोरीला फोन करा. मी म्हटलं, नवी नोकरी, पहिला आठवडा, धावत येईल आणि तिथे नाव खराब होईल. हे कारण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मला भीती वाटते. शनिवारपर्यंत गप्प राहायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. हे पत्रही पेटीत टाकत नाही. टाकलं तर तुला परवा मिळेल, आणि परवा काय ते ठरून गेलेलं असेल.

बाबा


ता. ६, शुक्रवार

पोरी,

तुझं कार्ड आलं. "पोचले. हॉस्टेलमध्ये आहे, खोली शोधतेय. चिंधी जेवते का? खरं लिहा. शिंप्यासारखं नको, बापासारखं."

टपालवाल्यानं ते वाचलेलं होतं, त्याच्या मिशीवरून कळत होतं. त्याची पँट माझ्याकडे पडून आहे दोन महिने.

बापासारखं लिहितो.

तुझ्या खोलीला हात लावलेला नाही, असं लिहिलं होतं. सोमवारी सकाळी मी तुझी खोली रिकामी केली. पलंग पुढच्या खोलीत आणून भिंतीला उभा केला. चादरी, उशीचे अभ्रे, तुझी शाल, चिंधीचं ते मळकं अंथरूण, सगळं साबणाच्या पाण्यात टाकलं. खिडकीखालचं तिचं खोकं गॅलरीत ठेवलं. आणि मशीन ओढत नेऊन बरोबर तुझ्या पलंगाच्या जागी मांडली. खोली रिकामी कशाला ठेवायची, उजेड चांगला आहे, असं स्वतःशीच बडबडत होतो. दुपारी मशीन सुरू केली. चिंधी पलंग होता तिथल्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पहिल्या टिपेला तिनं जी झेप घेतली ती थेट कपाटात. तीन दिवस मी तिच्यापासून चार हातांवर मशीन बडवत होतो.

उजेडाचं कारण नव्हतं. मला तुझा राग आला होता. एवढा की तुझ्या वासाची एक वस्तू डोळ्यांसमोर नको होती. चादरी पिळताना मी मोठमोठ्यानं बोलत होतो. काय बोलत होतो ते लिहीत नाही.

तू जाताना मी मांजराबद्दल जे बोललो तेही तुला आठवत असेल. खोली मिळाली की नेते, म्हणालीस. मी म्हटलं, लवकर ने, नाहीतर पोत्यात घालून सोडून येईन. तुझा चेहरा उतरला तो मी बघितला. बघूनही शब्द मागे घेतला नाही. मी तिला सोडणार नव्हतो गं. तू मला अडवावंस, माझ्यावर रागवावंस, थांबावंस, असं काहीतरी मनात होतं. आता लिहिताना कळतंय, तेव्हा नुसतं तोंड सुटलं होतं.

आणि कोट. चार महिने तू विचारत होतीस. थंडीच्या गावाला चाललेय बाबा, नव्या नोकरीत पहिल्या दिवशी तोच घालणार आहे. प्रत्येक वेळी मी म्हटलं, परवा. गिऱ्हाइकं आधी, घरचं काम परवा. काकू नेहमी ओरडतात ना, "मास्तर, परवा नको, वार सांगा!" त्यांना तरी मी एखादा वार सांगतो. तुला कधी सांगितला नाही. निघायच्या दिवशी कोट बिनबाह्यांचा खुंटीवर होता. तू त्याच्याकडे एकदा बघितलंस. पिशवी उचललीस, चपला घातल्यास. मी विचारलं, "परत कधी येशील?"

तू म्हणालीस, "परवा."

अगदी माझ्याच सुरात, खडू कानामागे ठेवतो तशी मान वाकडी करून. पोरी, माझा परवा कधी येत नाही, हे मला सगळ्यांत चांगलं माहीत आहे.

हे झालं कबुलीचं. आता आजचं.

सकाळी वाटी तशीच होती. मासा सुकून कडक झाला होता. चिंधीचं डोकं आज खाली होतं, हनुवटी कोटाच्या कॉलरवर टेकलेली. मी डोळे मिटले, उघडले. तिनं काही केलं नाही. कंबर तेरा. सुधारणा काही दिसेना. मी टोपली काढून, पुसून बाहेर दारापाशी ठेवली.

दहाच्या सुमाराला काकू आल्या. चिडलेल्या. "मास्तर, ती मशीन सुरू करा हो. कालपासून माझं सगळं गणित बिघडलंय. नऊला तुमची खडखड सुरू झाली की मी आंघोळीला उठते, बाराला थांबली की पान वाढून घेते. आता मला भूक लागली की नाही तेच कळत नाही!"

आधी मी हसलो. मग हसायचा थांबलो.

तू रोज नऊला कामावर निघायचीस. निघताना तुझ्या खोलीत तिची वाटी ठेवायचीस. तू दार ओढून घेतलंस की मी पुढच्या खोलीत मशीनवर बसायचो. म्हणजे तीन वर्षं ती जेवली ती कशाच्या आवाजात? भिंतीपलीकडच्या मशीनच्या. आणि सापडली कुठे होती? त्याच मशीनखाली, चिंध्यांच्या पोत्यात, डोळेसुद्धा उघडले नव्हते. मी ती मशीन तिच्या अंगावर नेऊन घातली. मग डॉक्टरीणबाईंनी गडबड बंद करा म्हटल्यावर साफ बंद करून टाकली. ऐकलं अर्धं, कापलं सगळं. नव्या शिकाऊ माणसानं असं कापड वाया घालवलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

काकूंना म्हटलं, एक टोक धरा. त्या म्हणाल्या, कशाचं? मशीनचं. आम्ही दोघांनी मिळून, वय वर्षं एकशे चौतीस, ती मशीन इंच इंच सरकवत पुढच्या खोलीत आणली. काकूंनी वाटेत मला तीन वेळा शिव्या घातल्या आणि एकदा जमिनीवरच बसल्या. पलंग तुझ्या जागी नेला. खोकं खिडकीखाली. शाल धुतलीय, तिचा वास आता परत आणता येत नाही, तेवढं मात्र माझ्या हातून कायमचं गेलं. तुझा वास उरलाय तो फक्त त्या कोटाला, ट्रायलला चार-पाच वेळा तू अंगात घातला होतास म्हणून. ते मला आज कळलं. तिला सोमवारीच कळलं होतं.

उद्या नऊला मशीन सुरू करतो. एकला दवाखाना बंद होतो. मधे चार तास आहेत.

बाबा


ता. ७, शनिवार, दुपार

पोरी,

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

पावणेनऊला मासा कोमट करून वाटीत ठेवला, नऊ तुकडे, मोजून. वाटी तू ठेवायचीस तिथेच, खिडकीखाली. निघताना तू तिला काय म्हणायचीस ते मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. म्हणून मी काहीच म्हटलं नाही. दार अर्धवट ओढलं आणि पुढच्या खोलीत आलो. ट्रायलचा आरसा जरा तिरका करून ठेवला होता, त्यात वाटी दिसत होती आणि कपाटाचा खालचा खण.

आता मशीनवर बसायचं तर शिवायला काहीतरी हवं. दोन दिवस गिऱ्हाइकं परत लावलेली, बेतलेलं एक कापड घरात नाही. होत्या त्या फक्त तुझ्या कोटाच्या बाह्या. अंग तिच्याखाली, बाह्या माझ्याकडे. डावी बाही घेतली आणि नऊच्या ठोक्याला पाय मारला.

नऊ वाजून दहा. काही नाही. वीस. काही नाही. मी बाहीची मोठी टीप संपवली, मुद्दाम बारीक टाका लावला, सावकाश. साडेनऊला आरशात कोटाची कॉलर हलली. मी मान वळवली नाही. मग एक कान. मग तोंड. खणाच्या कडेवर तिनं एक पाय ठेवला आणि तशीच थांबली, मला वाटतं पाच मिनिटं.

मग उतरली. पोट जमिनीला घासत, भिंतीच्या कडेकडेनं, वाटीपर्यंत गेली. वास घेतला. मागे सरकली. पुन्हा पुढे आली. आणि पहिला तुकडा उचलला.

नेमकी तेव्हाच खालच्या दोऱ्याची बॉबिन संपली.

सुई वर जातेय, खाली येतेय, आणि टाका पडत नाही. आवाज बदललेला हाताला आधी कळतो. चाळीस वर्षांची सवय, दोरा संपला की पाय आपोआप थांबतो. माझा पाय थांबलाच होता. अर्धा क्षण. आरशात तिनं मान वर केली, तोंडात मासा, कान मागे. मी पाय परत दाबला. पोरी, थांबवून बॉबिन भरायला मला अर्धं मिनिट लागतं, डोळे मिटून. ते अर्धं मिनिट माझ्याकडे नव्हतं.

मग तसाच शिवत राहिलो. दोऱ्याशिवाय. बाहीच्या कडेनं गोल गोल, त्याच चांगल्या कापडावर, भोकं पाडत. एक फेरा, दुसरा फेरा. कुणा शिंप्यानं बघितलं असतं तर म्हातारा चळला म्हणून लोकांना बोलावून आणलं असतं. ती खात होती. एक तुकडा, थांबायची, ऐकायची, दुसरा तुकडा. माझ्या पोटरीत गोळा आला. मी पाय बदलला, पण मशीन थांबवली नाही.

दहाला काकू टोपली घेऊन दारात. मला दवाखान्यात न्यायला आल्या होत्या, ठरल्याप्रमाणे. तोंड उघडणार तेवढ्यात मी डोळे वटारले आणि मानेनं आरसा दाखवला. त्यांनी आरशात बघितलं. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, तशाच उभ्या राहिल्या. त्या बाई एवढा वेळ गप्प राहू शकतात हे मला आज कळलं. टोपली छातीशी धरून रडत होत्या, आवाज न करता. मी रडलो की नाही ते त्यांना विचार, मला शिवायचं काम होतं.

सहा तुकडे खाल्ले. पाणी प्यायली. खिडकीखालच्या खोक्याचा वास घेतला आणि कपाटात परत गेली, कोटावर. वाटीतलं पाणी खडूच्या रेघेखाली दोन बोटं उतरलंय.

डॉक्टरीणबाईंना काकूंनी फोन केला. ती म्हणाली, आज आणू नका. उद्या त्याच वेळी, त्याच आवाजात, पुन्हा. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदला, कुठलीही.

ही तिन्ही पत्रं आता एका पाकिटात घालून स्वतः जाऊन पेटीत टाकतोय. तुला राग येईल. यावा. फोन करून ओरडलीस तरी चालेल, मी ओरडणार नाही.

तुझा बाप


ता. १२, गुरुवार, सकाळी पावणेनऊ

पोरी,

ही चिठ्ठी बाहेर कडीला अडकवतोय. वाचून झाल्याशिवाय दार उघडू नकोस.

तुझं दुसरं कार्ड काल आलं. "पत्रं मिळाली. दोनदा वाचली. खोली मिळाली आहे. परवा येते." बास. तारीख नाही. शिक्का असा पुसट की टपालवाला, काकू आणि मी, तिघांनी भिंग लावून बघितला तरी वार लागेना. मंगळवारी लिहिलं असशील तर परवा म्हणजे आज. सोमवारी लिहिलं असशील तर परवा कालच होऊन गेला, आणि तू आली नाहीस. शेवटी माझीच मुलगी. मी आज धरून चाललोय. आज नाही आलीस तर उद्याही हीच चिठ्ठी कडीला असेल.

आत मशीनचा आवाज येत असेल तर ती जेवतेय. मला उठून दार उघडता येणार नाही. तू आलीस हे कळलं तरी मी उठणार नाही, मान वळवणार नाही, यात दुसरा काही अर्थ काढू नकोस. तुझी किल्ली लाव. चपला बाहेर काढ. पुढच्या खोलीत खुर्चीवर बस, आरशात दिसेल. बाराला मी मशीन थांबवतो, तेव्हा बोलू.

नऊ म्हणजे नऊला वाटी, हा आता सहावा दिवस. ज्या माणसानं जन्मात एक कपडा वेळेवर दिला नाही, तो एका मांजराला घड्याळ लावून वाढतोय, हे काकू गल्लीभर सांगत सुटल्यात. टपालवाल्याची पँट झाली. काकूंची पडद्यांची जोडी झाली. कंबर साडेतेरावर परत आलीय.

मंगळवारी ती कोटावरून आपण होऊन उठली. दुपारी बघतो तर मशीनखाली, चिंध्यांच्या पोत्यावर, माझ्या पायापासून वीतभर. मी हात पुढे केला नाही. तिनंच माझ्या पायाला शेपटी लावली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग कपाटातून कोट काढला. मंगळवार, बुधवार, दोन दिवसांत पूर्ण केला.

कोट खुंटीवर आहे. केस झटकले, सगळे निघाले नाहीत. डाव्या बाहीच्या कडेला, आतून बाहेरून, भोकांच्या रांगा दिसतील. ती बाही बदलायला कापड आहे माझ्याकडे. कात्रीही उचलली होती. ठेवून दिली. तुला नको असेल तर सांग, बदलून देतो, आजच्या आज.

आता तिला न्यायचं. ती तुझी आहे, ने. पण एका दिवसात सगळं बदलू नकोस, ते मी करून बघितलंय. डॉक्टरीणबाई म्हणते महिनाभर थांबा. तोवर तुझ्या नव्या खोलीतली एखादी चादर इथे आणून ठेव, तिला वास ओळखीचा होऊ दे, अधूनमधून तू येत जा. हे मी तुला अडकवायला रचून सांगत नाही, हवं तर दवाखान्यात जाऊन विचार. माझी पत काय आहे ते मला माहीत आहे. मला ती राहायला हवी आहे, आणि तू यायला हवी आहेस. हे मात्र डॉक्टरीणबाई म्हणत नाही, मी म्हणतोय.

तुझ्या त्या खोलीत मशीनचा आवाज नसेल. त्याचं काय करायचं ते बसून ठरवू.

नऊला दोन मिनिटं कमी आहेत, मासा कोमट झालाय. कोट घालून बघ, खांद्यात कसा बसतो ते आरशात मलाही दिसेल. संध्याकाळी निघशील तेव्हा मी दारापर्यंत येईन आणि मागच्या वेळी विचारलं तेच विचारेन. मला परवा नको, वार सांग.

बाबा